जैसलमेरची अर्धी म्हैस

लोक जैसलमेरला किल्ला बघायला जातात, उंटावर बसायला जातात, वाळूत लोळून फोटो काढायला जातात. आम्ही गेलतो म्हैस बघायला. हे ऐकून माझी थोरली बहीण, अक्का, कपाळाला हात लावून म्हणाली, "आगं, म्हशी काय आपल्या कोल्हापुरात कमी हायत? त्यासाठी एवढ्या लांब रेल्वेनं जायचं?" तिला मी सगळं सांगत बसले नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही अक्कासारखं मधेमधे बोलणार नाही.

आमचे हे एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते, आता निवृत्त. सगळी गल्ली त्यांना सर म्हणते, म्हणून मीही म्हणते. राग आला की जरा जोरात म्हणते. आमच्या लग्नाच्या आधी, सरांच्या डोक्यावर केस होते त्या काळात, त्यांना जैसलमेरच्या एका शिबिराचं बोलावणं आलं. ठिकठिकाणचे शिल्पकार तिथं जमणार, प्रत्येकानं तिथल्या पिवळ्या दगडातून एक प्राणी कोरायचा आणि तो गावच्या नव्या बागेत बसवायचा, असं ते काम होतं. कुणी उंट केला, कुणी मोर केला, कुणी हरण. आमच्या सरांनी म्हैस केली. त्यांच्या दारात म्हशी, तळ्याकाठी म्हशी, पाडव्याला शिंगं रंगवून मिरवणुकीत म्हशी, लहानपणापासून दुसरं बघितलंय काय त्यांनी?

बरं, म्हैस तर म्हैस. पण ती पाण्यात डुंबणारी. आणि पाण्यात बसलेली म्हैस जेवढी वर दिसते तेवढीच सरांनी कोरली. शिंगं, तोंड, मान, पाठीचा कणा. मानेभोवती पाण्याची रेघसुद्धा काढली, बारीक लाटांसकट. खालचं अंग कोरलंच नाही, कारण ते पाण्यात असणार होतं. कुठल्या पाण्यात, हा प्रश्नच त्यांना पडला नाही. हे कोल्हापूरच्या माणसालाच जमतं. आमच्याकडं पाणी मागावं लागत नाही. पावसाळ्यात तर ते न विचारता घरात येतं.

काम संपल्यावर सरांनी तिथल्या साहेबांना कागदावर हौदाचं चित्र काढून दिलं. साहेबांनी आधी कागदाकडं बघितलं, मग सरांकडं. म्हणाले, "मास्टरजी, यहाँ पीने का पानी पूरा नहीं पड़ता." झालं. म्हैस वाळूवर ठेवली गेली. बघणारे हसायला लागले, "ये तो बेचारी दब गई!" सर बागेच्या उद्घाटनाला थांबलेच नाहीत, मिळेल त्या गाडीनं घरी आले. छिन्नी-हातोड्याची पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. पुढं आमच्या घरात कुठलंही काम अर्धवट राहिलं की त्याला 'सरांची म्हैस' म्हणायची पद्धत पडली. भिंतीचा गिलावा अर्धा राहिला, सरांची म्हैस. स्वेटरची एक बाही राहिली, सरांची म्हैस. सगळे हसायचे, सरही हसायचे, पण जरा उशिरा हसायचे.

यंदा काय झालं, आमच्या चौकातल्या दूध कट्ट्यावरची मंडळी घरी आली. या कट्ट्यावर म्हशी आणून समोर धार काढून देतात, गिऱ्हाईक उभ्या उभ्या पेला तोंडाला लावतं. म्हणाले, "सर, कोल्हापुरात चौकाचौकात पुतळे हायत. आपल्या चौकात जिच्या दुधावर पोसलोय तिचा पुतळा पाहिजे. दगडाची म्हैस. तुमीच करायची." सरांनी 'न्हाय' म्हटलं. मग 'बघतो' म्हटलं. मग टीव्हीसमोर जाऊन बसले आणि मुका टीव्ही बघत राहिले. दोन दिवसांनी जेवताना म्हणाले, "ती पहिली हाय का फोडून टाकली, तेवढं बघायला पायजे. नीट असंल तर ही करीन. न्हायतर पेटी भंगारात." दुसऱ्या दिवशी मी तिकिटं काढून आणली.

गाडीत काय झालं ते सांगत नाही. गाडीत जे होतं तेच झालं.

किल्ल्यावर

आम्ही उतरलो होतो ते किल्ल्याखालच्या एका गल्लीतलं घर. वरच्या मजल्यावर दोन खोल्या पाव्हण्यांना देतात. सकाळी घरच्या बाई माठावर पांढरं फडकं दुहेरी घालून पाणी गाळत होत्या. मी दारातच थांबले. माझी आई शिरोळकडच्या आमच्या घरी अगदी असंच गाळायची, आणि फडक्यात राहिलेलं थेंबभर पाणी परत विहिरीत सोडायची, त्यातले जीव मरू नयेत म्हणून. मी बाईंना म्हटलं, "हम भी जैन है." त्या म्हणाल्या, "हम जैन नहीं हैं जी, बस पानी है इसलिए." मला हे फार आवडलं. धर्म असो नसो, पाण्याला हात लावताना माणूस जपून वागतो इथं.

सरांना म्हटलं, चला, आधी बागेत जाऊन येऊ, जिवाला घोर नको. सर म्हणाले, "आगं, आलोय तर किल्ला बघू की आधी. बाग काय पळून जातीय?" मला कळलं, माणूस घाबरलाय. मी गप्प बसले. मला गप्प बसणं जड जातं, हे मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको.

जैसलमेरच्या किल्ल्यात अजून माणसं राहतात. आपल्याकडं किल्ला म्हटलं की पडकी तटबंदी, गवत आणि भिंतीवर लिहिलेली नावं. इथं वरती शाळेला जाणारी पोरं, वाळत घातलेल्या रजया, कुकरच्या शिट्ट्या. सगळं पिवळ्या दगडाचं, ऊन पडलं की हळद लावल्यासारखं दिसतं. गल्ली एवढी अरुंद की समोरून गाय आली तर आपणच कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढायचं.

वरच्या जैन मंदिरात चामडं चालत नाही. मी माझी कोल्हापुरी चप्पल पायरीपाशी काढली. आत गेलो आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. खांब, कमानी, छत, एक इंच दगड मोकळा सोडलेला नाही. आमच्याकडच्या दिगंबर मूर्तींना डोळे लावलेले नसतात, दागिना नसतो. त्या आपल्यातच असतात. इथले भगवान डोळे उघडून सरळ माझ्याकडं बघत होते. पहिल्यांदा संकोच वाटला, मग बरं वाटलं. म्हटलं, बघताच आहात तर आमच्या म्हशीकडंही बघा. हसू नका, मी खरंच तसं म्हटलं. सर एका खांबाला हात लावून उभे होते. मी किती वेळ बघतेय, ते बोटानं दगडावरची नक्षी चाचपत होते, पुजाऱ्यांनी 'हाथ मत लगाइए' म्हणेपर्यंत.

बाहेर आले तर माझ्या एका चपलेचा गोंडा एक शेळी चावत होती. "हाड! हाड गं भवाने!" मी ओरडले. शेळीनं गोंडा तोंडात धरून माझ्याकडं शांतपणे बघितलं आणि गिळला. आजूबाजूच्या बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. चपलेचा पट्टाही तिनं चघळून सोडला होता. मग तिथल्याच दुकानातून मोजडी घ्यावी लागली. मोजडी दिसायला देखणी, पण पहिल्या दिवशी ती टाचेला अशी चावते की बोलायची सोय नाही. सर म्हणाले, "कोल्हापुरी पायताण राजस्थानात पचलं म्हणायचं." हा माणूस सकाळपासून पहिल्यांदा हसला, म्हणून मी शेळीला माफ केलं.

खाली उतरल्यावर आम्हाला गिरधर भेटला. हा रिक्षावाला, आमच्याच वयाचा, झुबकेदार मिशा, आणि बोलणं असं की आपण पाव्हणे नसून त्याच्या मुलीच्या सासरची माणसं आहोत. दिवसभर तोच आमच्याबरोबर होता. त्यानं आधी एका दिवाणाच्या हवेलीपुढं नेऊन उभं केलं. दारात दोन दगडी हत्ती. म्हणाला, ही हवेली दोन भावांनी कोरली, एकानं उजवी बाजू, एकानं डावी. नीट बघा, दोन्ही बाजू जुळत नाहीत. मी नीट बघितलं. खरंच एका बाजूची खिडकी निराळी, दुसऱ्या बाजूची निराळी.

"ऐकलं का सर," मी म्हटलं, "न जुळलेलं पण लोक तिकीट काढून बघायला येतात."

"ते दोन भाऊ हुते," सर म्हणाले. "मी एकटाच चुकलो."

हे त्यांनी विनोदानं म्हटलं नाही. मी विषय बदलून गिरधरला जेवायला कुठं चांगलं मिळतं ते विचारलं.

केर, सांगरी आणि नावाचीच बाग

जेवणाबद्दल मला मन भरून सांगायचंय. मी जन्मभर हॉटेलात बसले की आधी वेटरला बजावते, कांदा नको, लसूण नको, बटाटा नको. मग तो विचारतो, "मग खाणार काय, मावशी?" इथं मी बजावायला तोंड उघडलं तर समोरचा म्हणाला, "उसमें ये सब होता ही नहीं." केर-सांगरीची भाजी आली. केर म्हणजे काटेरी झुडपाची हिरवी गोल फळं, सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाच्या शेंगा. दोन्ही वाळवून ठेवतात आणि वर्षभर खातात. आंबट, तिखट, तेलात परतलेली. सोबत बेसनाच्या गट्ट्यांची आमटी, बाजरीची जाड भाकरी, तिच्यावर तुपाचा पाट, गूळ आणि ताक. आमच्याकडं भाकरीला कोरड्यास, म्हणजे कालवण, इथं तूप. बाकी थापायची रीत तीच. वाळवंटात उगवत नाही म्हणून रडत न बसता, जे काटेरी उगवतं तेच वाळवून असं चविष्ट करणाऱ्या त्या बायांना मी मनातल्या मनात हात जोडले. मी गिरधरला आमचं भडंग दिलं, बिनलसणाचं. त्यानं मूठभर तोंडात टाकलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि "बहुत बढ़िया" म्हणत अर्धी बाटली पाणी प्याला.

जेवण झाल्यावर मी म्हटलं, आता बाग. सर घाईघाईनं गिरधरला म्हणाले, "बडा बाग दिखाओ." म्हणजे बागच बघायची, पण भलतीच.

बडा बाग म्हणजे मी आपली मोठी बाग समजून गेले. फुलझाडं असतील, कारंजं असेल, कट्ट्यावर बसून पाय मोकळे करू. जाऊन बघते तर उघड्या माळावर राजांच्या समाध्या! पिवळ्या दगडाच्या छत्र्याच छत्र्या, आत दगडावर घोड्यावर बसलेला राजा कोरलेला. झाडं म्हणाल तर खाली जुन्या बांधाच्या कडेला थोडी हिरवळ. "अहो गिरधरभाई, बाग किधर है?" मी कमरेवर हात ठेवून विचारलं. गिरधरनं खालच्या आंब्यांकडं बोट दाखवलं आणि अभिमानानं म्हणाला, "वो देखिए, कितना हरा है!" मी बघितलं. आमच्या शेताच्या बांधावर याहून जास्त झाडं आहेत. पण त्याच्या तोंडाकडं बघून मला तसं म्हणवेना. पाच-सहा झाडं राखायला इथल्या लोकांनी बांध घातला, पाणी अडवलं, पिढ्यानपिढ्या जपलं. मी म्हटलं, "बहुत हरा है." आणि परत बघितलं तर खरंच हिरवंगार वाटलं.

सर मात्र एका छत्रीखाली बसून राहिले होते. वारा सुटला होता. मी शेजारी जाऊन बसले, मोजडी काढली.

"फोडली असंल गं ती," सर म्हणाले. "दगूड हाय, पायरीला वापरला असंल. चांगलं झालं असंल एका अर्थी."

"आणि नसली फोडली तर?"

"तर अजून हसत असतील की लोक."

मग माझा संयम सुटला. "सर," मी म्हटलं, आणि जोरात म्हटलं, "तुम्ही जिला दगडातून कोरून आला, ती इथं वाळूत एकटी. आणि तुम्ही तिला भेटायला घाबरताय! उठा बघू." शेजारच्या छत्रीतली गोरी बाई दचकून आमच्याकडं बघायला लागली. सर उठले.

गडीसर तलावावरून बागेकडं

वाटेत गडीसर तलाव लागला, तिथं थांबलो. एके काळी सगळं गाव या एका तळ्याचं पाणी प्यायचं. पाण्यात मधोमध छत्र्या, काठावर घाट, आणि ब्रेडचा तुकडा टाकला की माशांची झुंबड. तळ्याच्या तोंडाशी एक देखणी वेस आहे. गिरधरनं तिची गोष्ट सांगितली: ती म्हणे एका गणिकेनं बांधली. तिनं बांधलेल्या वेशीखालून आपण कसं जायचं म्हणून राजाला राग आला, तो पाडायला निघाला. तर तिनं रातोरात वर कृष्णाचं देऊळ बसवलं. आता देव वर म्हटल्यावर पाडणार कोण? वेस राहिली. गोष्ट खरी की खोटी मला माहीत नाही, पण मी त्या वेशीखालून दोनदा गेले. एकदा माझ्यासाठी आणि एकदा त्या बाईसाठी.

गावातल्या रस्त्यांना आता चित्रं काढलीत. भिंतीवर पगडीवाले, घुंगटवाल्या, चौकात उंटाचे पुतळे. सर प्रत्येक चौकात मान वळवून बघायचे. "गुडघा चुकलाय उंटाचा," म्हणायचे. म्हटलं, चला, मास्तर जागा झाला.

बाग गावाच्या कडेला आहे. सरांना आठवत होती तशी ती राहिली नव्हती. फाटकाला कमान, आत फरशीचे रस्ते, बोगनवेल, कडुनिंब, पोरांचे झोके. उंट, मोर, हरण एका ओळीत दिसले, त्यांना कुणीतरी ऑइलपेंट फासलेला. मोर निळा, हरण तांबडं. सर चालत चालत एका जागी थांबले. तिथं रंगीत दिव्यांचं बंद पडलेलं कारंजं होतं.

"हितं हुती," सर म्हणाले.

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. म्हैस नव्हती. मी तडक फाटकावरच्या रखवालदाराकडं गेले. "भैया, हमारे सर ने बनाया हुवा म्हैस किधर गया?" त्याला माझं हिंदी कळलं नसावं. मी दोन बोटांची शिंगं करून दाखवली. तो म्हणाला, मी नवीन आहे, मला काही माहीत नाही. मी परत आले. सर कारंज्याच्या कठड्यावर बसले होते, हात मांडीवर, तळवे वर. सगळी टिंगल केली आम्ही, पण या माणसानं ते एकच काम जीव ओतून केलं होतं, आणि तेही राहिलं नव्हतं.

"चल," ते म्हणाले. "झालं आपलं. पेटी दिऊन टाकू भंगारवाल्याला."

ऊन उतरायला लागलं होतं. दिवस मावळायच्या आत खायचं म्हणून मी पिशवीतून भडंग काढलं. तेवढ्यात एक वयस्क बाई समोरून आल्या. पिवळी ओढणी, हातात पितळी लोटा, लोट्यावर फडकं. बागेत फिरायला आलेली बाई लोटा कशाला घेऊन येईल? मी उठून वाटेत उभी राहिले आणि परत दोन बोटांची शिंगं केली. "मौसी, भैंस. पत्थर की. आधी भैंस."

त्यांचा चेहरा उजळला. "जमना?"

"कोण जमना?"

"अरे, जमना के पास ही तो जा रही हूँ! आओ."

त्यांचं नाव चंदाबाई. त्या पुढं, मी मागं, सर माझ्या मागं, आणि गिरधरही उत्सुकतेनं रिक्षा सोडून आला. बागेच्या मागच्या अंगाला एक जुना कडुनिंब आहे, तिकडं निघालो. चालता चालता चंदाबाईंनी सांगितलं ते असं. कारंजं करताना साहेब लोक म्हशीला फोडणार होते, कारण ती वाळूत रुतल्यासारखी वाईट दिसायची. तेव्हा आसपासच्या घरांतल्या बायका मधे पडल्या. ती रुतलेली नाही, ती पाण्याची वाट बघत बसलीय, असं त्या म्हणाल्या. मग साहेबांनी तिला न फोडता इथं मागं झाडाखाली आणून ठेवलं. एका उन्हाळ्यात कुणी तरी तिच्यापुढं वाटीभर पाणी ठेवलं, चिमण्या आल्या. मग दुसरीनं ठेवलं. मग पुरुषांनी भोवती दगडांचं गोल आळं बांधून दिलं. तेव्हापासून संध्याकाळी फिरायला येणारा प्रत्येक जण घरून थोडं पाणी आणतो. पेल्यात राहिलेलं, बाटलीत उरलेलं, कुणी लोटाभर. नाव जमना ठेवलं, कारण इथं नदी नाही. निदान हिला तरी नदीचं नाव असू दे.

मग झाडापलीकडं वळलो आणि ती दिसली.

पिवळ्या दगडाची, मागं टाकलेली शिंगं, पुढं काढलेलं तोंड, नाकपुड्या जरा वर. सकाळी हौदात उतरलेली आमची कुठलीही म्हैस बघा, अगदी तश्शी. आणि तिच्या भोवती पाणी होतं. खरंखुरं पाणी! दोन चिमण्या तिच्या शिंगावर, एक कुत्रं काठाला पाणी पितंय, लोक येतायत, बाटली वाकडी करतायत, नमस्कार न करता, बोलत बोलत, आपण तुळशीला पाणी घालतो तसं सहज. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ज्या गावात पाणी गाळून, मापून वापरतात, त्या गावानं आमच्या सरांच्या चुकीला रोज पाणी घातलं होतं.

मी चंदाबाईंना सांगितलं, "ये इन्होंने बनाई है." चंदाबाईंनी लोटा खाली ठेवला आणि सरांकडं नीट बघितलं. म्हणाल्या, "फिर इतनी देर क्यों की, भाई? ये तो कब से बैठी है." मग आजूबाजूच्यांना मोठ्यानं हाक मारली. माणसं गोळा झाली. कुणी सरांचा हात हातात घेतला, कुणी घोटुआ लाडू आणून दिला, तिथला खास बुंदीचा लाडू. एक आजोबा म्हणाले, तुम्ही हिचं पोट का नाही कोरलं, हे आम्ही किती वर्षं एकमेकांना विचारतोय. सर कसंबसं बोलले, "हमारे यहाँ पोट पाणी में रहता है." सगळे हसले. पण हे हसणं निराळं होतं, सरांनाही ते कळलं, कारण या वेळी ते सगळ्यांबरोबर हसले.

मग सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आळ्यात उतरले. म्हातारपणी पाय घसरेल म्हणून मी ओरडणार होते, पण ओरडले नाही. ते तिच्या मानेपाशी उकिडवे बसले, मानेभोवतीच्या रेघेवरून बोट फिरवलं. तरुणपणी त्यांनी काढलेली ती पाण्याची रेघ, बारीक लाटांसकट. पाणी त्या रेघेच्या जरा खालीच होतं.

"बोटभर कमी हाय," सर म्हणाले. "बोटभर."

मी पिशवीतली बाटली काढली. गिरधरनं त्याची काढली. चंदाबाईंनी लोट्यावरचं फडकं बाजूला केलं. आम्ही तिघांनी एकदमच पाणी ओतलं. इतके जण भोवती उभे होते, आणि प्रत्येकानं जवळ होतं नव्हतं तेवढं ओतलं. पाणी हळूहळू चढलं आणि दगडातल्या लाटांना खऱ्या पाण्याच्या लाटा लागल्या. सर तिच्या नाकावर ओला हात फिरवत होते, गोठ्यात फिरवतात तसा. दिवस मावळला होता. माझं जेवण राहिलं ते राहिलंच.

सर माझ्याकडं न बघता म्हणाले, "कट्ट्यावरच्या मंडळींना फोन लाव."

"काय सांगू?"

"म्हणावं, आधी हौद बांधायला घ्या. म्हैस मी करतो."